आधी भाव ठरवा, मग नावेत पाय ठेवा

पहाटे साडेचार

डिसेंबरात या वेळेला ब्रह्माघाटाच्या गल्लीत कोहरा एवढा दाट असतो की समोरून येणारी गाय अंगाला घासेपर्यंत कळत नाही. मी काशीत जन्मलेली, इथेच वाढलेली मराठी बाई. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात अजूनही मराठी घरं आहेत. देशावरून आणि कोकणातून येणाऱ्या यात्रेकरूंची उतरण्याची, जेवणाखाण्याची आणि विधींची सोय लावणं हे इथल्या कितीतरी घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मी तेच काम गाईडचा परवाना काढून करते.

निघण्याआधी कमरेची पिशवी भरून घेते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर, कारण पहाटेच्या घाटावर पाचशेची नोट काढली की उत्तर ठरलेलं असतं, "फुटकर नहीं है." मग चहावाल्यापासून नाववाल्यापर्यंत सगळीकडे सुट्या पैशांअभावी जास्तच द्यावे लागतात. शिट्टी, जलसंजीवनीची पाकिटं, आणि पाहुण्यांसाठी देवनागरीत लिहिलेल्या चिठ्ठ्या: हॉटेलचं नाव, जवळची खूण, माझा नंबर. फोनची बॅटरी संपली तरी चिठ्ठी संपत नाही.

मैदागिनपर्यंत चालत जाते. तिथे बाबूराव विष्णू पराडकरांच्या नावाचं भवन आहे. मराठी घरात जन्मून 'आज' हे हिंदी दैनिक घडवणारे हे संपादक काशीच्या बाहेर आता फारसे कुणाला आठवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तिथून टोटो (ई-रिक्षा) पकडून अस्सीला.

साडेपाच

पाहुणे हॉटेलच्या दालनात तयार आहेत. मिरजेच्या आजी, न्यू जर्सीहून आलेले त्यांचे मुलगा-सून (माझे दादा-वहिनी), कॉलेजात शिकणारी नात, तिची अमेरिकन मैत्रीण आणि बारा वर्षांचा नातू. आजींना हे तीर्थ, आणि मुलांना हा जवळपास परदेशच. असे मिश्र कुटुंबकबिले आता डिसेंबरात फार येतात, आणि एकाच घरातल्या माणसांची कागदपत्रं चार तऱ्हेची असतात. आजींकडे आधार, सूनबाईंकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, दादा आणि मुलं अमेरिकन पासपोर्टवर ओसीआय कार्डासह, मैत्रीण ई-व्हिसावर.

चहा होईतो माझी विचारपूस चालते. काल रात्री हॉटेलवाल्याने परदेशी पासपोर्टांच्या प्रती घेतल्या का? घेतल्याच पाहिजेत. परदेशी नागरिक उतरला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन नोंद करणं हॉटेलवर बंधनकारक आहे, ओसीआयवाल्यांचीही. "आमच्याकडे काही लागत नाही" असं म्हणणारं स्वस्त लॉज दिसलं की मी पाहुण्यांना तिथून हलवते. पुढे काही बिनसलं तर तुम्ही या शहरात होतात याचा सरकारी पुरावा म्हणजे तीच नोंद.

मूळ पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. अंगावर त्याची प्रत, फोनमध्ये फोटो, आणि तोच फोटो घरच्या एखाद्या विश्वासू माणसाला पाठवलेला. ओसीआय कार्ड मात्र सोबत घ्यायचं, दुपारी लागणार आहे. पैसे तीन ठिकाणी: दिवसाचा खर्च वरच्या खिशात, राखीव रक्कम आणि एक कार्ड आतल्या पाउचमध्ये, दुसरं कार्ड तिजोरीत. वहिनी म्हणाल्या, "सगळं माझ्याच पर्समध्ये असतं हो, सोपं पडतं." आठ-दहा मिनिटं लागली, पण पर्स हलकी झाली.

पासपोर्ट हरवलाच तर काय, हे मैत्रिणीने स्वतःहून विचारलं. आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग दिल्लीचा दूतावास, तिथून तातडीचा पासपोर्ट. त्यानंतर भारतातून बाहेर पडायला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन परवानगी, कारण व्हिसा जुन्या पासपोर्टाशी जोडलेला असतो. यात दिवस जातात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी गर्दीत हिंडू नये, असं माझं ठाम मत आहे.

सव्वासहा

अस्सीवर 'सुबह-ए-बनारस'चं गायन चालू आहे. नावाड्यांनी आम्हाला घेरलं आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याने अगदी प्रेमाने सांगितलं, "अरे दीदी, जो मन करे दे दीजिएगा."

दिवसभरात मी पाहुण्यांना जे काही सांगते त्याचं मूळ या एका वाक्यात आहे. 'जो मन करे' हा काशीतला सगळ्यात महाग भाव. म्हणणारा लबाड असतोच असं नाही. पुष्कळदा तो खरोखर आदराने म्हणतो. पण उतरताना त्याच्या मनातला आकडा वेगळा निघतो, तुमच्या मनातला वेगळा, आणि दोघांचीही सकाळ नासते. आपल्या मराठी माणसाला देवाच्या दारी पैशाचं बोलायला फार संकोच वाटतो. गंगेवर कसली घासाघीस, असं म्हणून तो गप्प बसतो आणि नंतर घरी जाऊन वर्षभर काशीला बोल लावतो. त्यापेक्षा आधी स्पष्ट विचारावं: कुठून कुठे, किती वेळ, पूर्ण नावेचे की माणशी, परत आणणार का, वल्ह्याची की इंजिनाची. आकडा दोघांनीही मोठ्याने म्हणावा. यात नावाड्याचाही मान राहतो, कारण मग त्याला मागावं लागत नाही.

भाव ठरला. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली, आजींनीसुद्धा शालीवरून. नातवाला ते नको होतं. मी त्याला म्हटलं, जॅकेट घातल्याशिवाय नाव हलणार नाही, आणि नावाड्याने वल्हं खाली ठेवलं. कोहरा फार दाट असला की नावा थांबवतात, तेव्हा भांडू नये. पावसाळ्यात तर गंगा चढली की नौकाविहार बंदच होतो. राजघाटाच्या मोजणीत 71.262 मीटर ही धोक्याची पातळी आहे, आणि 1978 साली पाणी 73.901 मीटरपर्यंत गेलं होतं. जुलै ते सप्टेंबरात येणाऱ्यांनी घाटावरून घाटावर चालत जाण्याची आशा ठेवू नये, पायऱ्या पाण्याखाली असतात.

नाव उत्तरेकडे निघाली. अहिल्याबाईंचा घाट, पुढे मणिकर्णिका, शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट. आजींनी प्रत्येक नावाला हात जोडले. मी नातीला राधाबाईंची गोष्ट सांगितली. थोरल्या बाजीरावांच्या आई 1735 साली काशीयात्रेला निघाल्या तेव्हा हा सगळा परमुलूख होता. वाटेतल्या राजपूत राजांनी त्यांचा पाहुणचार केला, आणि मराठ्यांशी लढलेल्या महंमदखान बंगशानेही त्यांना मानाने पुढे जाऊ दिलं. पेशव्यांच्या आईलासुद्धा परक्या मुलखात जागोजागच्या माणसांच्या शब्दावरच चालावं लागलं. सव्वाशे वर्षांनी वरसईचे विष्णुभट गोडसे निघाले ते मात्र 1857 च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. नात बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्यांच्याकडे इन्शुरन्स नव्हता ना?" प्रश्न बरोबर होता. तिच्या आईवडिलांनी प्रवासविमा घेतला आहे, पण त्याचा नंबर कुणाच्याच फोनमध्ये नव्हता. नावेतच बसून सगळ्यांनी तो साठवला.

आठ

मणिकर्णिकेवर आम्ही उतरत नाही, वरच्या गल्लीतून जातो. फोन पिशवीत. तिथे कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई जळत असते. फोटो काढू नयेत हे सांगण्यासाठी दंडाची भीती घालावी लागू नये.

तरीही एक तरुण मागे लागलाच. "फोटो नहीं, कोई बात नहीं, ऊपर से देखिए." वर नेतो, चितांची माहिती सांगतो, मग म्हणतो की या इमारतीत मरणाची वाट पाहणारे गरीब आहेत, त्यांच्या लाकडासाठी दान द्या, अमुक किलोला अमुक रुपये. मैत्रिणीचे डोळे भरून आले होते आणि तिचा हात पाकिटाकडे गेला होता. मी मध्ये पडले. अंत्यसमयी काशीत येणाऱ्यांसाठीचं मुक्तिभवन 1958 पासून आहे, पण ते गोदौलियाच्या बाजूला आहे, या घाटावर नाही. ज्याला खरोखर द्यायचं आहे त्याने तिथे, किंवा ओळखीच्या संस्थेत पावती घेऊन द्यावं. चितेशेजारी उभं राहून, अनोळखी माणसाच्या हातात, घाईघाईने देऊ नये. तिची करुणा खोटी नव्हती, आणि अशी करुणा एकदा फसली की पुन्हा उमलत नाही. मला या धंद्याचा खरा राग त्यासाठी येतो, पैशासाठी तेवढा नाही.

साडेनऊ

विश्वनाथ. 13 डिसेंबर 2021 ला कॉरिडॉर खुला झाल्यापासून गंगेकडून थेट वर चढता येतं. आजचं मंदिर अहिल्याबाईंनी बांधवलं, 1780 च्या सुमाराला. आजींना हे माहीत होतं. मला न विचारता त्यांनीच नातवाला सांगितलं.

आत फोन, कॅमेरा, पिशव्या चालत नाहीत. गल्लीतले दुकानदार "लॉकर फ्री है" म्हणून बोलावतात, आणि लॉकरबरोबर फुलं-पेढ्यांची टोपली हातात देतात. तिचा भाव परत आल्यावर कळतो. टोपली घ्यायला हरकत नाही, पण किंमत आधी विचारावी. नाहीतर मंदिराच्या आवारातल्या लॉकरमध्ये ठेवावं. रांग टाळायची असेल तर सुगम दर्शनाचं तिकीट न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा खिडकीवर मिळतं. "मी थेट आत नेतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

आजींचा अभिषेक आणि नंतरचं पितरांचं कार्य आमच्या गल्लीतल्या उपाध्यायांकडे. दक्षिणा काल फोनवरच ठरवून घेतली होती, सामग्रीसकट. घाटावर छत्रीखाली बसलेले घाटिये हातात दर्भ आणि पाणी देऊन संकल्प सुरू करतात, आणि संकल्पाच्या मधोमध अकराशे की एकावन्नशे विचारतात. हातात पाणी असताना कुणाला नाही म्हणवत नाही. म्हणून ओंजळ पुढे करण्याआधी आकडा. आजींना हे पटलं नाही. "दक्षिणेचा सौदा?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सौदा नाही आजी, ठरलेल्याच्या वर तुम्ही मनाने कितीही द्या. मग त्यांनी दिलेही.

अकरा

कचौडी, जिलेबी. पाणी सीलबंद बाटलीतलं, बाटली आपल्यासमोर फोडलेली. ठंडाई मागवताना 'सादी' हा शब्द दोनदा उच्चारायचा, कारण काशीत भांगेची परवानाधारक दुकानं आहेत आणि ठंडाईत भांग घालून मागणारे पुष्कळ. परक्या गावात बेशुद्ध पडण्याइतकं असुरक्षित दुसरं काही नाही.

साडेअकरा ते एक

हा वेळ पैशांचा. माझ्या मते दिवसातला सगळ्यात उपयोगाचा, आणि पाहुण्यांना सगळ्यात कंटाळवाणा.

दादांनी कोटाच्या आतल्या खिशातून दोन हजारांच्या नोटांची एक घडी काढली. मागच्या खेपेला उरलेल्या. रिझर्व्ह बँकेने या नोटा 19 मे 2023 ला चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं. त्या अजून कायदेशीर आहेत, पण दुकानात कुणी घेत नाही आणि साध्या बँकेतही बदलत नाहीत. फक्त रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत, या राज्यात लखनौ आणि कानपूरला, किंवा पोस्टातून पाठवून आपल्या खात्यात जमा. गोदौलियाला "आधे में बदल देंगे" म्हणणारे भेटतात. दादांनी पोस्टाचा रस्ता धरला. त्याच घडीत 2016 च्या आधीच्या हजाराच्या दोन नोटा निघाल्या. त्या आता नातवाच्या संग्रहात.

मग एटीएम. दिवसाउजेडी, बँकेच्या शाखेला लागून असलेलंच. कार्ड अडकलं तर शाखा उघडी असते. परदेशी कार्ड घातलं की यंत्र विचारतं, रक्कम डॉलरमध्ये वजा करू का. तिथे 'नको' दाबायचं. यंत्राचा विनिमयदर जवळजवळ नेहमीच वाईट असतो, हिशेब आपल्या बँकेला करू द्यावा. रोख डॉलर बदलायचे तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेल्या ठिकाणी, आणि पावती घ्यायची. जाताना उरलेले रुपये परत डॉलरमध्ये करायला ती पावती लागते. डॉलरची नोट कडेला जरा फाटलेली असली तरी इथे नाकारतात. आपली फाटकी नोटही कुणी घेत नाही, म्हणून सुटे परत घेताना प्रत्येक नोट उलटून पाहायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक ती बदलून देते, पण पाहुण्याला त्यासाठी वेळ कुठे?

यूपीआय आता परदेशी पाहुण्यांनाही मिळतं. 2023 च्या जी-20 च्या वेळी त्यांच्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून भरून घेण्याचं वॉलेट सुरू झालं. दादांचं तर भारतात एनआरओ खातं आहे आणि अमेरिकन नंबरवरच यूपीआय चालतं. तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं: कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर आलेलं नाव दुकानदाराला वाचून दाखवा, वरून दुसराच कोड चिकटवलेला असू शकतो. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन.

एक ते दोन

साडी. टोटोवाल्याने वाटेत दोनदा "मामा की फैक्टरी" सुचवली. ग्राहक आणणाऱ्याचा वाटा साडीच्या किमतीतच चढतो, म्हणून दुकान आपण ठरवायचं आणि रिक्षा दाराशी थांबवायची नाही. बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून सर्रास विकली जाते. मी वहिनींना साडी उलटी करून पाहायला लावली. कढुआ विणीत बुटी सुटी सुटी विणलेली असते, मागे लांब तरंगते धागे नसतात. सिल्क मार्क आणि हातमागाची खूण पाहावी, पक्कं बिल घ्यावं, आणि "अमेरिकेला पार्सल करतो" हे शक्यतो नाकारून साडी स्वतःच्या बॅगेत टाकावी. वहिनींनी एकच घेतली, आणि सुरेख घेतली.

अडीच

आजी आणि दादा हॉटेलात विश्रांतीला. बाकीच्यांना घेऊन सारनाथ. तिकीट खिडकीवर ओसीआय कार्डाचं काम: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 2021 पासून ओसीआयधारकाला भारतीयाचाच दर लागतो, म्हणजे पंचवीस रुपये. मैत्रिणीला तीनशे. बारा वर्षांच्या नातवाला तिकीट नाही. कार्ड हॉटेलात राहिलं असतं तर नातीलाही तीनशे. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आज शुक्रवार नाही, सिंहशीर्ष पाहून झालं. तासभर कुणीही आमच्या मागे लागलं नाही. मुली धामेक स्तूपाच्या सावलीत नुसत्या बसून राहिल्या.

पावणेसहा

दशाश्वमेध. आजी-दादांसह सगळे पुन्हा एकत्र. आरतीची गर्दी.

इथे मी बोलत नाही, आदेश देते. नाव घ्यायची तर आधीच ठरवून नावेतून पाहावी. पायऱ्यांवर बसायचं तर कडेला, जिथून गल्लीची वाट दिसते अशा जागी. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत्ताच पाहून ठेवायची, आमची ठरली जल पोलिसांच्या चौकीजवळ. नातवाच्या खिशात चिठ्ठी, गळ्यात शिट्टी. 7 डिसेंबर 2010 ला शेजारच्या शीतला घाटावर आरती चालू असताना स्फोट झाला होता, तेव्हापासून बेवारस पिशवी दिसली की मी आधी माणसं हलवते आणि मग पोलिसांना हाक मारते.

पण स्फोटापेक्षा मला रेट्याची भीती जास्त वाटते. ऑक्टोबर 2016 मध्ये राजघाटाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. म्हणून पाहुण्यांकडून मी करून घेते: दोन्ही हात छातीसमोर, कोपरं बाहेर, श्वासाला जागा. रेट्याविरुद्ध ढकलायचं नाही, तिरकं सरकत कडेला यायचं. चप्पल सुटली, फोन पडला, वाकायचं नाही. आरती संपायच्या पाच मिनिटं आधी उठायचं. दादांना शेवटपर्यंत थांबायचं होतं. आजींनीच ऐकवलं, "ती सांगते आहे ना, उठ."

उठताना एकाने हसून दादांशी हात मिळवला आणि तोच हात दाबायला लागला. मालिशवाला. दोन मिनिटांत खांदा, मग मान, मग पैसे. हात सोडवून घ्यायचा, "नहीं चाहिए" म्हणायचं आणि चालत राहायचं. हसून उत्तर दिलं की तो चिकटूनच राहतो.

साडेआठ

जेवण झाल्यावर मुलींना दोघींनीच अस्सीवर फिरायचं होतं. वहिनींना नको होतं. मी मुलींच्या बाजूने बोलले. अस्सीवर या वेळेला कुटुंबं असतात, चहाची दुकानं चालू असतात. अटी मात्र सांगितल्या. फोनवर ठिकाण आईला सतत दिसत ठेवायचं. गल्ल्यांत आणि पलीकडच्या वाळूवर जायचं नाही. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं-प्यायचं नाही. कुणी मागे येतंय असं वाटलं तर बायका-मुलं बसलेल्या दुकानात शिरून मोठ्याने सांगायचं, काशीत लोक ऐकतात. 112 कुठल्याही फोनवरून लागतो, आणि पर्यटकांसाठीच्या 1363 वर परदेशी भाषाही बोलतात. माकड किंवा कुत्रा चावला, नुसता ओरखडा निघाला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच रात्री बीएचयूच्या सर सुंदरलाल रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी जायचं. 'सकाळी बघू' नाही.

साडेनऊला दोघी परत आल्या. मैत्रिणीने कुल्हडचे पैसे आधी विचारून दिले होते, हे तिने मला आवर्जून सांगितलं.

दहा

घरी. उद्याच्या पाहुण्यांचा फोन. नाशिकहून चौघं, महानगरी एक्सप्रेसमध्ये, कोहऱ्यामुळे गाडी चार तास मागे. घाबरले आहेत, कारण डब्यात कुणीतरी त्यांना काशीच्या ठगांच्या गोष्टी सांगितल्या.

त्यांना म्हटलं, काका, सामान साखळीने बर्थला बांधा आणि झोपा. गाडी कुठे आली ते 139 वर कळेल. उतरल्यावर कुणी रिक्षावाला म्हणेल की तुमचं हॉटेल बंद पडलं, तिकडचा रस्ता बंद आहे, दुसरं दाखवतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्यासमोर हॉटेलला फोन लावा. बॅगा कुणाच्या डोक्यावर देण्याआधी लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला पाहा, भाव ठरवा. आणि स्टेशनबाहेर पडू नका, पहिल्या फलाटावरच बसा. मी तिकडे येते.